आजीचे २४०, बाबांचे ३८०, नातीचे ६४०: चकलीचा प्रामाणिक भाव कोणता?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतल्या एका घरातून भाजणीची चकली विकली जाते. आजी, आई, बाबा आणि नात चौघंही त्यात राबतात. आजींचं म्हणणं, सामानाच्या खर्चावर रुपयाला चार आणे सुटले की पुरे, अन्नावर याहून जास्त घेऊ नये. त्यांचा भाव किलोला २४० रुपये. बाबा म्हणतात सामानाच्या दुप्पट, म्हणजे साधारण ३८०, आणि सध्या विक्री याच भावाने चालू आहे. नातीने ऑनलाइन तशीच चकली ६४० रुपयांना पाहिली आहे. आपण का लाजायचं, असा तिचा सवाल. प्रामाणिक नफा नेमका किती, हे तिनेच विचारलं आहे.

तुम्ही दिलेल्या दरांवरून उत्तर ५०० रुपयांच्या आसपास येतं. हा आकडा तिघांच्या भावांची सरासरी काढून आलेला नाही, तो हिशेबातून आला आहे. हिशेब मांडला की आणखी एक गोष्ट दिसते. तुमच्या घरात वाद तत्त्वाचा वाटतो, पण तिघांनीही हिशेबातली एकेक रक्कम सोडून दिली आहे, आणि प्रत्येकाने वेगळी. आजींनी स्वतःचे हात धरले नाहीत. बाबांनी जागा, वीज, झीज आणि थकलेली उधारी धरली नाही. तुम्ही मधल्या माणसाचा वाटा धरला नाही.

आधी एक घाणा तोलून-मापून बघू.

पाच किलो भाजणीचा हिशेब

तांदूळ २.६ किलो, हरभरा डाळ १.३ किलो, उडीद डाळ ६५० ग्रॅम, मूग डाळ ३०० ग्रॅम, थोडे पोहे, धणे, जिरे. सगळं मिळून धान्य ४१० रुपयांचं. दळणावळ ६० रुपये. तीळ, तिखट, ओवा, हिंग, मीठ यांचे ९०. तेलाचे ३९०. तेलात दोन भाग आहेत, चकलीने प्यायलेलं अधिक मोहनाचं साधारण २.१ लिटर, आणि शेवटी काढून टाकायचं अर्धा लिटर. गॅसचे १३०, आणि हे व्यावसायिक सिलिंडरच्या दराने. घरगुती सिलिंडरवर धंद्याचं तळण करणं नियमात बसत नाही, आणि हिशेबातही ते फसवं आहे, कारण काम वाढलं की तो दर मिळणार नाही. पाकिटं आणि लेबलं ११०. बेरीज १,१९० रुपये.

एवढ्या भाजणीतून चकली ६.५ किलो धरली आहे. त्यातले ३०० ग्रॅम तुकडे म्हणून बाजूला पडतात. विकण्याजोगी ६.२ किलो. म्हणजे किलोमागे सामान १९२ रुपये. हे वजन पुस्तकातून घेऊ नका, तुमच्या कढईचं घ्या. तेल कमी तापलेलं असताना चकली सोडली तर ती तेल पिते. मग वजन वाढल्यासारखं दिसतं, पण माल मऊ पडतो आणि परत येतो. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर दाताला कडक लागते. दोन्ही वेळा तुकड्यांचा ढीग वाढतो. ६.२ किलोचे ५.६ झाले तर सामानाचा खर्च १९२ वरून २१२ वर जातो. भाव वाढवण्याआधी हा ढीग कमी करता येतो का ते बघणं हीसुद्धा गिऱ्हाइकाशी प्रामाणिकपणाच आहे.

आता हात. धुणं-वाळवणं एक तास, भाजणं दीड तास, गिरणीत अर्धा तास, मळणं, सोऱ्याने पाडणं आणि तळणं यात दोन माणसांचे चार-चार म्हणजे आठ तास, पाकिटं भरणं आणि आवराआवर दोन तास. एकूण १३ तास. तासाला ७० रुपये धरले तर ९१० रुपये, किलोमागे १४७. हा दर कसा ठरवायचा? उद्या आजींच्या जागी बाहेरची बाई बोलावली तर ती जितकं मागेल तितका. त्याहून कमी धरणं म्हणजे आजींना फुकट राबवणं.

मग दर महिन्याचा ठरलेला खर्च. जागेचे ३,००० (घरचीच खोली असली तरी ती भाड्याने दिली असती तर काही आलंच असतं), वीज-पाणी ७००, फोन आणि ने-आण १,१००, कढई, शेगडी, मिक्सर यांची झीज ८००, परवाना, काट्याची पडताळणी आणि किरकोळ ४००. एकूण ६,०००. महिन्याला १२० किलो विकत असाल तर किलोमागे ५०.

१९२ अधिक १४७ अधिक ५०, झाले ३८९. परत आलेला माल, न विकलेलं पाकीट, वाटेत चुरा झालेलं यासाठी तीन टक्के, म्हणजे १२ रुपये. एकूण ४०१.

बाबांचा ३८० चा भाव इथेच पडतो. जो भाव घरात सगळ्यांना दुप्पट म्हणून भारी वाटतो, तो खर्चापेक्षा २१ रुपयांनी कमी आहे. हे आजवर जाणवलं नाही, कारण ती तूट आजींच्या आणि आईच्या मजुरीतून भरून निघत होती.

नफा आणि मजुरी एकाच डब्यात

माझ्या मते मराठी घरांतल्या धंद्याचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. घरच्या बाईचे हात हिशेबात येत नाहीत, आणि महिनाअखेर गल्ल्यात उरलं ते नफा म्हणून मोजलं जातं. ते उरलेलं बहुतेक वेळा मजुरीच असते, तीही अपुरी.

याचं उत्तर आपल्याकडे फार आधी सापडलं होतं. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथली एक व्यवस्था प्रत्येक घरगुती उद्योगाने उचलावी अशी आहे. जी बहीण पापड लाटते तिला लाटण्याचे पैसे, म्हणजे वणाई, वेगळी मिळते. नफा-तोटा हा त्यानंतरचा वेगळा विषय. लाटणारीचे पैसे आधी, संस्थेचा नफा नंतर. ‘तुम्ही नफा किती घेता’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यामुळेच जागा राहते. तुमच्याकडे मजुरी आणि नफा एकाच डब्यात पडतात, म्हणून आजींना वाटतं आपण फार घेतो, आणि तुम्हाला वाटतं आपण काहीच घेत नाही. एकाच डब्याकडे बघून दोघी बोलता आहात.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचीही हीच कथा. गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालायचं आणि पगाराला पैसे घ्यायचे. मधल्या काळात वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांच्या अंगावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं, तेव्हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग व्याजात जात होता हे ठळकपणे पुढे आलं. बाई कष्टाळू, जेवण चोख, गिऱ्हाईक खूश, आणि तरी हातात काही नाही. भाव ठरवताना महिनाभराच्या उधारीची किंमत कोणी धरलेली नसायची.

आजी अशा का, बाबा असे का

हा भाग घरात बोलताना उपयोगी पडेल, म्हणून लिहितो. आजींचं म्हणणं भोळेपणाचं नाही. त्यांच्या उमेदीच्या वर्षांत रेशनची रांग होती, १९७२ चा दुष्काळ होता. तेल, साखर, रवा बाजारातून गायब व्हायचा आणि चढ्या भावाने मागच्या दाराने मिळायचा. त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. ज्या पिढीने नफा हा शब्द साठेबाज या शब्दाला जोडूनच ऐकला, तिला अन्नावर नफा घेणं खटकणारच. सरकारचाही सूर तोच होता. १९७३-७४ साली प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. फार कमावणारा माणूस संशयित, हे कायद्यानेच सांगितलं होतं.

त्याहून जुनी एक गोष्ट आहे. देहूच्या तुकोबांच्या घरी दुकानदारी आणि सावकारी होती. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. पण धन जोडावं तर उत्तम व्यवहाराने जोडावं, असं सांगणारेही तुकोबाच. बुडवलेल्या वह्या आपल्या लक्षात राहिल्या आणि चोख व्यवहाराने मिळवण्याचा उपदेश मागे पडला. आजींशी बोलताना हा धागा हाती धरा. नफ्याला विरोध हा आपल्या परंपरेचा सगळा आवाज नाही.

बाबांची ‘दुप्पट’ कुठून आली? एक मूळ दामदुपटीत आहे. सावकाराने येणं व्याज मुद्दलाहून जास्त मागू नये, हा जुना धर्मशास्त्रातला नियम मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही पाळला. दुप्पट ही तिथे हावरेपणाला घातलेली मर्यादा होती. दुसरं मूळ बाबांच्या तरुणपणात आहे. १९८८ मध्ये किसान विकास पत्र आलं तेव्हा त्यात पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. पीपीएफवर १९८६ पासून १९९९ अखेरपर्यंत १२ टक्के व्याज होतं, तेही करमुक्त. नोकरी करायची, पोस्टात पैसे टाकायचे, दुप्पट होतात. त्या काळात धंद्यातल्या नफ्याचा वेगळा विचार करायची गरज मध्यमवर्गाला पडली नाही. आज पीपीएफ ७.१ टक्क्यांवर आहे आणि किसान विकास पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. बाबांचा आडाखा त्या काळी खरा होता. शिवाय पूर्वी मजुरी स्वस्त आणि सामान महाग, त्यामुळे सामानाच्या दुपटीत सगळं बसायचं. आता चकलीत मजुरी आणि ठरलेला खर्च मिळून सामानाएवढाच झाला आहे, म्हणून दुपटीत काहीच उरत नाही.

बेसन लाडूला मात्र सामानाच्या दुप्पट फार होईल. तुपाचं सामान महाग आणि किलोमागे हात कमी लागतात. एकच आडाखा सगळ्या जिनसांना लावला की चकलीत बुडतो आणि लाडूत गिऱ्हाइकाला लुबाडतो. प्रत्येक जिनसेचा हिशेब वेगळा मांडा.

तुमचे ६४०

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही पाहिलेला ६४० हा विकणाऱ्याच्या हातात पडणारा पैसा नाही. ॲपचं कमिशन २५ टक्के धरलं तर १६० गेले. कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो, २९ गेले. तुमची नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही. खोका आणि चिकटपट्टीचे २५. हातात उरले ४२६. खर्च ४०१. किलोमागे नफा २५ रुपये. घरातून थेट ५०० ला विकलेल्या चकलीत ९९ सुटतात. सणाच्या सवलतीत तुम्ही १० टक्के सूट दिलीत तर ६४० चे ५७६ होतात, सगळं वजा जाता ३८१ उरतात, आणि प्रत्येक किलोमागे २० रुपये घरातून घालावे लागतात. ऑर्डरी वाढलेल्या दिसतील, फोन वाजत राहील आणि महिनाअखेर तेलवाल्याचे पैसे द्यायला नसतील.

या पिढीतली दुसरी चूक टक्क्यांची आहे. खर्चावर चढवलेले टक्के आणि विक्रीतले टक्के एक नव्हेत. १०० च्या खर्चावर २५ टक्के चढवले की भाव १२५ होतो, आणि त्यात नफा विक्रीच्या २० टक्केच असतो. २५ टक्के मिळतात असं समजून २० टक्के सूट जाहीर केली की नफा शून्य. म्हणून भाव काढताना असं करा: एकूण खर्चाला ०.८० ने भागा. ४०१ भागिले ०.८० म्हणजे ५०१. हे झाले विक्रीवर २० टक्के. खर्चात १.२० ने गुणलंत तर ४८१ येतात, आणि ते २० टक्के नाहीत, पावणेसतरा आहेत.

आणखी एक. आधी छापील किंमत फुगवायची, मग ती खोडून कमी भाव दाखवायचा, ही पद्धत तुमच्या पिढीला बाजाराचा नियमच वाटू लागली आहे. ती करू नका. जी किंमत एकाही गिऱ्हाइकाकडून कधी घेतली नाही, ती खोडून दाखवणं म्हणजे खोटं बोलणं. दिशाभूल करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये थेट येते.

वीस टक्केच का

इथे मत येतं, आणि माझं मत स्पष्ट आहे. मजुरी पूर्ण दिल्यावर घरगुती फराळात विक्रीवर १५ ते २० टक्के नफा रास्त आहे. १० च्या खाली गेलात तर एक वाईट महिना सगळं खाऊन टाकतो. २५ च्या वर जायचं असेल तर तुमच्या चकलीत इतरांकडे नसलेलं काहीतरी असायला हवं, आणि ते गिऱ्हाइकाला चव घेताच कळायला हवं.

त्या ९९ रुपयांचं काय होतं ते आजींना दाखवा. पुढच्या हंगामाचं सामान रोखीत घ्यायला ४० ठेवा. शेगडी, मोठी कढई, भाजणीसाठी ड्रायर यासाठी २५. कर आणि बुडीत उधारीसाठी १५. उरले १९, ते घरचे. नफा म्हणजे तिजोरीत जाणारी रक्कम अशी आजींची कल्पना असेल, तर ही चार ओळींची फोड बऱ्याच भांडणांना पुरते.

उधारीचं गणित घरात पाठ असू द्या. १० किलोची एक ऑर्डर बुडाली तर ४,०१० रुपये बुडाले. किलोमागे ९९ सुटतात, म्हणजे तेवढे भरून काढायला आणखी ४१ किलो चकली पाडायची. ऑफिसांच्या दिवाळी ऑर्डरीत ५० टक्के आगाऊ घेतल्याशिवाय भाजणी भाजू नका. उद्यम नोंदणी करून ठेवा. नोंदलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे खरेदीदार कंपनीने ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. भांडायची वेळ क्वचितच येते. बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला तरी पुष्कळ फरक पडतो.

बाजारात तेल चढलं तर? बाबा म्हणणार, आपण जुन्या भावाने घेतलंय, जुन्याच भावाने विकू. मन मोठं आहे, पण पुढचा डबा नव्याच भावाने येणार आहे. जुन्या खरेदीवर भाव लावत राहिलात तर प्रत्येक वेळी थोडं भांडवल गळतं आणि दोन-तीन दिवाळ्यांत तुम्ही उधारीवर सामान घ्यायला लागता. पण नोंदवून घेतलेल्या ऑर्डरीचा भाव वाढवायचा नाही, तिथे बाबांचं बरोबर आहे. घटस्थापनेला दरपत्रक काढा आणि दिवाळीपर्यंत त्याला हात लावू नका. ज्या दिवशी दरपत्रक काढाल त्याच दिवशी नोंदवलेल्या ऑर्डरींपुरतं तेल आणि डाळी घेऊन टाका. मग वचनही पाळलं जातं आणि तोटाही होत नाही.

जिथे तडजोड नाही

भाव ५०० असो की २४०, काही गोष्टींनी नफा खोटा होतो. पहिली, तळणीचं तेल. वर अर्धा लिटर काढून टाकायचं धरलं आहे ते यासाठीच. तेलातले एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, अशी मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केली आहे. घरात मोजण्याची पट्टी नसेल तर तेल काळपट, दाट झालं, फेस येऊन बसेना, लवकर धूर धरू लागलं की थांबा. नवं तेल जुन्यात ओतत राहणं ही बचत नाही. शेंगदाणा तेल लिहून पामतेल वापरणं तर सरळ फसवणूक.

दुसरी, वजन. स्वयंपाकघरातला छोटा काटा विक्रीला चालत नाही. वैधमापन खात्याने पडताळून मुद्रा मारलेला काटा घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर वर्षी लागते. पाकिटावर लिहिलेलं वजन चकलीचं, पाकिटाचं नव्हे. भाव वाढवायची हिंमत होत नाही म्हणून ५०० ग्रॅमचं पाकीट गुपचूप ४५० चं करणारे पुष्कळ आहेत. आजींच्या भाषेत याला मापात पाप म्हणतात, आणि या बाबतीत घरात शेवटचा शब्द आजींचाच असावा.

लेबलवर नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम दर, बनवल्याची आणि वापरण्याची मुदत, घटक, तक्रारीसाठी फोन आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक. प्रति ग्रॅम दर लिहिल्यावर लहान पाकीट गुपचूप महाग करता येत नाही, आणि ते चांगलंच आहे. २५० ग्रॅमला पाकिटाचा खर्च जास्त, म्हणून १२५ ऐवजी १३० ठेवलेत तर ते उघड दिसू द्या.

आता घरात हे कसं मांडायचं

वाद भावावरून सुरू करू नका. आधी एक घाणा तिघांनी मिळून तोला. कागदावर तीन रकाने करा: सामान, हात, ठरलेला खर्च. हातांच्या रकान्यात कोण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, एवढंच लिहा. पैसे अजून लिहू नका. चार घाणे झाले की तास समोर येतात. आजींचे महिन्याचे तास बघून बाबांचा आवाज बहुतेक बदलतो.

मग आजींचे पैसे आजींच्या बँक खात्यात. ‘मी घरातलीच, मला कशाला’ असं त्या म्हणतील. ऐकू नका, पण त्यांच्यावर उपकार केल्यासारखंही देऊ नका. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, तासांच्या कागदासह, जसे बाहेरच्या बाईला दिले असते तसे द्या. त्यांचा दानधर्माचा आग्रह खरा आहे, त्यालाही जागा करा: विक्रीच्या एक टक्का रक्कम त्यांच्या हाती, कुणाला द्यायची ते त्याच ठरवतील. हा टक्का घरच्या १९ रुपयांतून घ्या, भावात चढवू नका. पाचशेमागे पाच रुपये.

नातेवाइकांचाही प्रश्न येईल. ‘घरचंच आहे, जरा बघून घ्या.’ बिल पूर्ण भावाचं करा, खाली सूट वेगळ्या ओळीत लिहा, आणि ती सूट घरच्या वाट्यातून वजा करा. कोणाला किती दिलं ते वर्षाअखेर दिसतं. भावच कमी लावला की तो गावभर पसरतो आणि मग तोच तुमचा भाव होऊन बसतो.

३८० वरून ५०० वर एका उडीत जायचं का? माझा सल्ला दोन पायऱ्यांचा: गणपतीला ४४०, घटस्थापनेच्या दरपत्रकात ५००. जुन्या गिऱ्हाइकांना आठ दिवस आधी साधा निरोप द्या: ‘आजवर भावात घरच्यांची मजुरी धरली नव्हती, आता धरतो आहोत. भाजणी, तेल आणि वजन तेच राहील.’ क्षमा मागू नका आणि महागाईवर ढकलू नका, कारण खरं कारण ते नाही.

गिऱ्हाईक तुटेल ही बाबांची भीती आकड्यांत बघा. ५०० च्या भावात सामान, मजुरी आणि नासाडी वजा जाता किलोमागे १४९ उरतात. महिन्याचा ६,००० चा ठरलेला खर्च ४१ किलोत निघतो. ३८० च्या भावात उरतात २९, आणि तोच खर्च निघायला २०७ किलो लागतात. २०७ किलो पाडायला साधारण ४३४ तास हवेत. दोन माणसं महिन्याचे २६ दिवस रोज आठ तास राबली तरी ४१६ होतात. म्हणजे आजच्या भावात तुमचं घर महिनाभर तळत बसलं तरी खर्च भरून निघत नाही. आज १२० किलो विकून ठरलेल्या खर्चापोटी जेवढे रुपये हाती येतात, तेवढे नव्या भावात २४ किलोत येतात. अर्थात विक्री इतकी घसरली तर आजींची आणि आईची मजुरीही तेवढी घटेल, ते गृहीत धरा. पण अर्धी गिऱ्हाइकं गेली तरी मजुरी वजा जाता तुम्ही आजच्यापेक्षा पुढे असाल.

पहिला घाणा मोजताना दोन गोष्टी विसरल्या जातात: गिरणीत राहून गेलेलं पीठ आणि कढईत उरलेलं तेल. धान्य गिरणीत जाण्याआधी आणि पीठ आल्यावर तोला, तेल तळण्याआधी आणि गार झाल्यावर मोजा, तुकडे वेगळ्या डब्यात ठेवून त्यांचंही वजन लिहा. वरच्या आकड्यांत तुमचे आकडे बसवल्यावर ४०१ च्या जागी ३७० आले तर भावही तसाच खाली आणा, आणि ४४० आले तर ५०० ला विकू नका.